चारित्र्याचा दाखला

बीड,
२ सप्टेंबर १९९६

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना शरणार्थ. पत्र पोचलं. दाजींचा गुडघा पुन्हा सुजल्याचं वाचून काळजी वाटली. त्यांना एवढ्यात दुकानाच्या पायऱ्या चढू देऊ नकोस. इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना स्वच्छ दिसतं, त्यामुळे कोपऱ्यातली जळमटं आणि माझ्या भाकरीवरचे चट्टे रोज नव्याने सापडतात.

यांचं जालना रोडवरचं शोरूम दसऱ्याला उघडायचं ठरलं आहे. मोंढ्यातली धान्याची आडत धाकट्या दिरांकडे जाईल आणि हे टीव्ही-फ्रीजची एजन्सी बघतील. अजून गाळ्यात माल आलेला नाही, तरी लोक काचेला नाक लावून आत बघतात. गिरिजेचं लग्न झालं की सिद्धारामला उदगीरहून इथे आणायचं, शोरूम त्याने सांभाळायचं आणि दोघांनी आमच्या माडीवर राहायचं, असा यांचा विचार आहे. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. जावई म्हणून सिद्धाराम तुला शोभेल. माझ्या नणंदेचा मुलगा म्हणून मी त्याला लहानपणापासून बघते आहे. शांत आहे, वर मान करून बोलत नाही. आणि ज्या घरात पाळणा हलला नाही, त्या घरात गिरिजा येईल. साखरपुड्यासाठी मी तिला एक नारायणपेठी घेऊन ठेवली आहे. मोरपंखी रंग, डाळिंबी काठ. कपाटात ठेवली आहे, पण दिवसातून एकदा तरी घडी उलगडून बघते.

आता मुख्य बातमी. आमच्याकडे नाटक बसतं आहे.

मुलींच्या शाळेला नवी इमारत बांधायची आहे, म्हणून व्यापारी मंडळ आणि महिला मंडळ मिळून हा खटाटोप चालला आहे. तुला ठाऊक आहे, हे त्या शाळेच्या संस्थेवर आहेत आणि यंदा अध्यक्ष होण्याचं चाललं आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे आप्पाराव सर आहेत ना, त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचं, राणीच्या काळातलं एक इंग्रजी नाटक मराठीत आणलं आहे. नाव ठेवलंय ‘चारित्र्याचा दाखला’. लंडनमधले बडे लोक, त्यांच्या मेजवान्या, त्यांची लफडी आणि वरून अब्रूच्या गप्पा, असं ते आहे. हसून हसून पोट दुखतं. मी सरांना विचारलं, नावं तरी आपली का नाही ठेवली? तर म्हणाले, “वहिनी, नावं इंग्रजी राहू द्या. म्हणजे कुणाला लागत नाही आणि सगळे मोकळेपणी हसतात.”

गोष्ट अशी. लॉर्ड हॅलम नावाच्या गृहस्थाला राणीकडून मोठी पदवी मिळायची आहे. पदवीसाठी चारित्र्य धुतलेलं हवं. त्याच्या घरी मुलांना शिकवायला मिस पार्कर नावाची गरीब बाई असते. हा तिच्या मागे लागतो, ती त्याला दाद देत नाही. आता ही कुठे बोलली तर पदवी जाईल, म्हणून त्याचे सगळे मित्र आणि त्यांच्या बायका मिळून तिच्यावरच बालंट आणतात. शेवटी लेडी हॅलम भर मेजवानीत नवऱ्याला चारित्र्याचा दाखला देते, “यांच्यासारखा नवरा अख्ख्या लंडनात नाही.” पडदा. गंमत ही की तिला पहिल्या अंकापासून सगळं ठाऊक असतं.

लॉर्ड हॅलम हे करताहेत. बँडवाल्यांकडून आणलेला लांब कोट यांना असा बसलाय की मी दोनदा वळून पाहिलं. लेडी हॅलमच्या कामासाठी बायकांची रांग लागली होती. ते अर्थातच डॉक्टरीणबाईंना, नीलाबाईंना मिळालं. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत आणि इंग्रजी गाऊन त्यांच्याच अंगाला शोभतो असं त्यांचं स्वतःचं मत आहे. पण मिस पार्करचं काम कुणीच घेईना. “लोक काय म्हणतील” हे एकच उत्तर. म्हणजे लबाड नवऱ्याची बायको व्हायला सगळ्या तयार, पण जिच्यावर खोटा आळ येतो ती व्हायला एकही नाही.

शेवटी शाळेतल्या मंजुळा तांदळे बाईंनी ते काम घेतलं. वडवणीकडच्या आहेत. आईवडील दर साली उसतोडीला जातात आणि ही पोरगी मामाकडे राहून शिकली. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा हिने भांडण न करता आपली पेटी उचलली आणि बीडला येऊन नोकरी धरली. तिशीची असेल. बोलते आपल्या गावचं, पण स्टेजवर उभी राहिली की शब्द असे स्वच्छ येतात की आप्पाराव सरही बघत राहतात.

मला काम नाही. सासूबाईंना ते चाललं नसतं. पण पडद्यामागे बसून विसरलेलं वाक्य हळूच सांगायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ झाली आहेत.

बाकी क्षेम. गिरिजेच्या होस्टेलच्या पत्त्यावर शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे.

तुझी,
शिवा

बीड,
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय अक्का,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत. उत्तर लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळी बरी गेली. करंज्या केल्या, चिवडा केला. मला स्वतःला खावंसं वाटलं नाही. पित्त वाढलं आहे असं डॉक्टर म्हणतात.

शोरूम उघडलं. उद्घाटनाला आमदारांपासून सगळे आले होते. रंगीत टीव्हीसमोर रस्त्यावर गर्दी उभी राहते.

नाटकही झालं, कोजागिरीच्या आधल्या रविवारी. हॉल गच्च भरला होता. लोक फार हसले. यांच्या प्रत्येक वाक्याला टाळी. मंजुळा बाईंनी तिसऱ्या अंकात, घर सोडून जाताना, नुसतं दारात थांबून सगळ्यांकडे एकदा पाहिलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. माझ्या हातातली वही तशीच राहिली. तिला सांगायला वाक्यच नव्हतं, तिथे बोलायचंच नव्हतं.

तू विचारलं आहेस की साखरपुड्याची साडी कधी पाठवतेस. ती साडी पाठवत नाही. तिला डाग पडला. दुसरी बघते. मोरपंखीच हवी असं काही नाही ना? गिरिजेला दुसरा रंगही खुलेल.

आणि लग्नानंतर त्या दोघांनी आमच्या माडीवर राहायचं, ते इतक्यात कुणाला सांगू नकोस. माडीचं छत गळतं. सिद्धारामला उदगीरलाच काही बघता आलं तर बरं, असं मला वाटतं. दाजींशी बोलून बघ. माझं नाव घालू नकोस.

इथे एक घाणेरडं प्रकरण चाललं आहे. तुझ्यापर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून येईल, म्हणून मीच लिहिते. मंजुळा बाईंबद्दल गावात वाटेल ते बोललं जातंय. तालमीनंतर पुरुषांच्या गाडीतून जायची, घरी फोन करायची, नवऱ्याने टाकलेली बाई दुसरं काय करणार, असं. डॉक्टरीणबाईंच्या घरी हळदीकुंकवाला गेले तर तिथे फराळ कमी आणि हेच जास्त. नीलाबाई म्हणाल्या, “आम्ही तेव्हाच ओळखलं होतं. ते काम घ्यायला जी तयार झाली, ती कशी असेल?” सगळ्या माना हलल्या. माझ्या हातात अत्तर लावलं होतं. घरी येऊन साबणाने हात घासले तरी तो वास जाईना.

कोणाच्या गाडीतून, ते मात्र कुणी बोलत नाही. माझ्यासमोर तर नाहीच.

तिला संस्थेने खुलासा मागितला आहे. वर्तणुकीबद्दल. तिच्या आईवडिलांना यातलं काही माहीत नाही. ते दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेले.

हे सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसतात. मी फुलं पुढे ठेवते. मग दिवसभर मला काही खाववत नाही. पित्ताचंच असेल.

अक्का, तू हल्ली मला ‘तुझी तब्येत कशी आहे’ असं दोनदा विचारतेस. कुणी काही लिहिलं आहे का तुला? असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस. आणि ठेवलास तर मला विचारू नकोस, अजून नको.

दाजींना शरणार्थ.

तुझी,
शिवा

नेकनूर,
१२ जानेवारी १९९७

प्रिय अक्का,

वरचं गाव वाचून तुला कळलंच असेल. मी आत्याकडे आहे. नाताळच्या सुट्टीपासून इथेच आहे. आत्याने काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी फक्त म्हणाली, “आदी जेव. मग रड.” मी जेवले. रडायला काही आलं नाही.

तुझं पत्र काल दुपारच्या गाडीने बीडहून एकाने आणून दिलं. तू लिहितेस की पुरुषांचं असं असतंच, आपण कानाआड करायचं असतं. गिरिजेच्या लग्नाच्या दिवशी मी नवऱ्याच्या, गुरुपादांच्या शेजारी उभं राहावं, अक्षता पडू द्याव्या, मग माझं मी बघावं. आणि उभी राहणार नसेन तर येऊच नये. तू जे ऐकलं आहेस ते नणंदेकडून ऐकलं आहेस. आता माझ्याकडून ऐक. मागच्या पत्रात मी डागाचं लिहिलं होतं. तिथून सुरुवात करते.

नाटक झाल्यानंतरच्या रविवारी दुपारी मी वर आवरत होते. गुरुपाद बाहेरून आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या अंगावर टाकलं. उलगडलं तर गिरिजेची नारायणपेठी. अर्धी चिखलाने भरलेली, काठाला गटाराचा काळा डाग. मी विचारलं, ही तुमच्याकडे कशी? म्हणाले, गाडीत होती, दार उघडताना पडली. साडी कपाटातून गाडीत कशी गेली ते मी विचारणार होते, पण ते खाली निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मंजुळा बाई आली. गुरुपाद शोरूमला आणि सासूबाई मठात गेल्या आहेत हे बघून आली. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. उभ्यानेच बोलली. ती रागाने बोलत नव्हती, म्हणून मला जास्त ऐकवेना.

“वहिनी, तुमाला सांगायचं न्हवतं. पण ते उलटंच सांगत फिरायलेत. काल माझ्या खोलीवर आलते. साडी घिऊन. म्हणले, तुझ्या नोकरीच्या मान्यतेची फाईल माझ्या हातात हाय, तू फक्त समजून घे. मी म्हणलं, सर, बाहेर व्हा. व्हईनात. मंग मी साडी रस्त्यावर फेकली आन् वरडले. छबुबाई जिन्यातच व्हत्या. तवा गेले.”

छबुबाई म्हणजे तिची घरमालकीण. मी तिच्याकडेही जाऊन आले. ती विडी वळणारी म्हातारी, तोंडाने फटकळ. म्हणाली, “गटारातली साडी तुमच्याच मालकानं वाकून उचलली. एवढा मोठा माणूस, पर साडी सोडवंना.”

त्या संध्याकाळी मी गुरुपादांना विचारलं. मला वाटलं होतं नाकारतील. नाकारलं असतं तर कदाचित मी आज त्या घरात असते. इतक्या वर्षांत खोट्यावर विश्वास ठेवायची सवय मला झाली होती. पण ते शांतपणे म्हणाले, “एवढं काय झालंय? काही झालेलं नाही. बाई डोक्यानं गरम आहे, बस.” आणि मग साडीकडे बोट करून म्हणाले, “ती धू, इस्त्री कर आणि पेटीत ठेव. गिरिजेला काय कळणार आहे?”

अक्का, ते वाक्य मी तुला पुन्हा लिहून दाखवणार नाही. एकदा वाचलंस ते पुरे. मला न्हाणीत जाऊन ओकारी झाली. ज्या साडीने एका बाईला विकत घ्यायला गेले, ती गटारातून उचलून, धुऊन, माझ्या भाचीच्या अंगावर घालायची, आणि मी तिची ओटी भरायची. मला त्यांनी त्या बाईकडे जाण्यापेक्षा या वाक्याची शिसारी जास्त आली. आजही येते. मी साडी धुतली नाही. तशीच वाळू दिली आणि ट्रंकेत ठेवली.

मग जे झालं ते तसंच झालं जसं त्यांच्या नाटकात होतं, फक्त इथे कुणी हसत नव्हतं. गुरुपादांनी आधी आपल्या मित्रांना सांगितलं की ती बाईच मागे लागली आहे. मित्रांनी बायकांना सांगितलं. बायकांनी बाकीचं स्वतः रचलं. खुलासा मागवला, मग सभा ठरली. सभेच्या आधी नीलाबाई माझ्याकडे आल्या. येताना पेढे घेऊन आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “शिवांजली, तुम्हाला किती त्रास होत असेल मला कळतं. आमच्या घरी काय कमी झालं का? पण आपण बोलत नाही. तुम्ही फक्त सभेत येऊन एवढंच म्हणा की माझे पती तसे नाहीत आणि ही बाई वेळी-अवेळी घरी फोन करायची. ती राजीनामा देईल. विषय संपेल. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आहे, कुणाचीच अब्रू जायला नको.”

मी विचारलं, “आणि तिची?”

नीलाबाईंना खरोखर कळलं नाही. म्हणाल्या, “कुणाची?”

सभा शाळेच्या ऑफिसात, रविवारी भरली. संस्थेचे लोक, मंडळाच्या बायका, एका बाजूला आप्पाराव सर. मंजुळा बाईला खुर्ची दिलेली नव्हती. ती ज्या वर्गांना शिकवते त्यांचे तक्ते भिंतीला होते, त्यांच्याजवळ उभी होती. एकेक जण बोलला. ‘संस्थेचं पावित्र्य’, ‘आपल्या लेकीबाळी’, ‘पालकांचा विश्वास’. बोलताना कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मग गुरुपाद उठले, मान खाली घालून म्हणाले, “मला या भगिनीबद्दल काही बोलायचं नाही.” त्या भगिनी शब्दावर बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि मग सगळे माझ्याकडे वळले.

मी पिशवीतून साडी काढली आणि टेबलावर ठेवली. वाळलेला चिखल त्यांच्या कागदांवर सांडला. मी म्हटलं, “ही माझ्या भाचीच्या साखरपुड्याची साडी आहे. माझ्या कपाटातून काढून माझे पती ही घेऊन या बाईंच्या खोलीवर गेले. तिने रस्त्यावर फेकली. ती त्यांच्याकडे गेली नव्हती, हे तिच्याकडे गेले होते. फोन तिने कधी केला नाही. मला एवढंच माहीत आहे आणि हे खरं आहे.”

मग खजिनदार म्हणाले, “वहिनी, घरातलं घरात ठेवायचं असतं.” मी आप्पाराव सरांकडे पाहिलं. ज्यांनी ते नाटक मराठीत आणलं, ज्यांनी तालमीत आम्हाला समजावलं होतं की लेखक या ढोंगावर कसा कोरडा ओढतो. ते चष्मा पुसत म्हणाले, “नाटक वेगळं, संस्था वेगळी.” त्यांच्या मुलाला त्याच शाळेत नोकरी हवी आहे.

आणि गुरुपाद. त्यांना राग आला नाही. अगदी हळव्या आवाजात ते सगळ्यांना म्हणाले, “तिला बरं नसतं. मूल झालं नाही, त्याचा डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही कुठे बोललो नाही. औषध चालू आहे.”

बायकांनी च्-च् केलं. नीलाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. अक्का, त्या एका हाताने मला जेवढी किळस आली तेवढी चिखलाची नाही आली. आणि मग मला कळलं की तू का दोनदा तब्येतीचं विचारत होतीस. त्यांनी तुम्हाला आधीच लिहून ठेवलं होतं. सभेच्या आधीच.

तेव्हा मंजुळा बोलली. “बाईंच्या डोक्याचं ऱ्हाऊ द्या. मी राजीनामा देनार न्हाई. तुमाला काढायचं तर लिहून काढा. कावून काढलं ते बी लिहा. खाली समद्यांनी सह्या करा.”

ते लिहायला मात्र कुणी तयार झालं नाही. सही म्हटल्यावर एकाला जेवायला उशीर होत होता, एकाची गाडी सुटत होती. सभा तशीच उठली. तिला काढलं नाही. वरचे वर्ग काढून घेतले, पहिलीचा वर्ग दिला, आणि शिक्षकांच्या खोलीत तिच्याशी कुणी बोलत नाही. ती रोज वेळेवर शाळेत जाते. मागच्या आठवड्यात नेकनूरला मला भेटायला आली, एसटीने. आत्याने तिला जेवू घातलं. म्हणाली, पहिलीची पोरं बरी असतात, वहिनी, अजून शिकलेली नसतात.

गुरुपाद अध्यक्ष झाले. त्यांच्या सत्काराला ‘चारित्र्याचा दाखला’चा पुन्हा प्रयोग झाला. मिस पार्करचं काम पार गाळलं. ती आतल्या खोलीत आहे असं समजायचं म्हणे. लोक तेवढेच हसले.

मी त्या घरी परत जाणार नाही. आत्याचं वय झालं आहे, तिला माणूस हवंच होतं. इथल्या बालवाडीत काम बघते आहे. पुढचं पुढे. तू लिहितेस, लोक तुला टाकलेली म्हणतील. म्हणू देत. मी त्यांना टाकून आले आहे, एवढं मला पुरे.

माझं संपलं. आता तुझ्याशी बोलायचं आहे, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

गिरिजा सहावीत होती तेव्हापासून दर दिवाळीला माझ्याकडे येत होती. दोन वर्षं झाली, तू तिला पाठवत नाहीस. एकदा परीक्षा म्हणालीस, एकदा ताप म्हणालीस. मी इथे आत्याशी सहज बोलत होते, तर आत्या म्हणाली, दोन सालांखाली गिरिजा गुरुपादांच्या गाडीतून लातूरला घरी निघाली होती आणि इथे नेकनूरला रस्त्यावर उतरून आत्याकडे आली. गाडी लागते म्हणाली. रात्रभर आत्याला धरून झोपली आणि सकाळच्या एसटीने तुझ्याकडे गेली. आत्याला वाटलं, पोरीला उलट्या होत असतील.

तुला तिने काय सांगितलं, अक्का? काहीतरी सांगितलं असणार, नाहीतर तू तिला दोन वर्षं अडवली नसतीस. आणि ते ठाऊक असताना तू तिला त्याच माणसाच्या माडीवर नांदायला पाठवणार आहेस? सिद्धाराम वाईट नाही. पण तो मामाच्या अन्नावर, मामाच्या छताखाली राहणार आहे आणि मामासमोर वर मान करणार नाही. हुंडा नको म्हणाले, देण्याघेण्याचं काही बोलले नाहीत, पोरगी घरातल्या घरात राहते, म्हणून तू डोळे मिटलेस का? परक्यांनी केलं ते मी समजू शकले. नीलाबाईंकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती. पण तुझं पत्र वाचताना मला तीच मळमळ आली, जी त्या दिवशी न्हाणीत आली होती, आणि तू माझी अक्का आहेस. आई गेल्यावर माझी वेणी तू घालत होतीस.

मी लग्नाला येणार नाही. तू म्हणतेस म्हणून नाही. त्या माणसाच्या शेजारी उभं राहून मी गिरिजेवर अक्षता टाकू शकत नाही म्हणून.

कदाचित मी चुकत असेन. कदाचित त्या दिवशी पोरीला खरंच गाडी लागली असेल. तसं असेल तर ती तसं सांगेल. पण सांगायचं तिने आहे, तू नाही आणि मीही नाही. तू हे पत्र वाचून उशाखाली ठेवशील, दाजींनाही दाखवणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून हेच सगळं पुन्हा एकदा लिहून मी आज सकाळी औरंगाबादला, गिरिजेच्या होस्टेलच्या पत्त्यावर टाकलं आहे. खाली आत्याचा पत्ता घातला आहे. नेकनूरला सगळ्या गाड्या थांबतात, असंही लिहिलं आहे.

तुझा राग यायचा तो येऊ दे. मी इथेच आहे.

तुझी धाकटी,
शिवा